ओव्हरी काढली, मग ओव्हरीचा कर्करोग कसा?

विदर्भातील एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सुरुवातीला जयभीम आणि दुसऱ्याच ओळीत प्रश्न. त्या लिहितात, "माझ्या आईचे वय ५८ आहे. तिची पिशवी आणि दोन्ही ओव्हऱ्या बारा वर्षांपूर्वी काढल्या. आता पोटात पाणी झाले, तुकडा तपासला आणि रिपोर्टात ओव्हरीसारखा कॅन्सर असे लिहून आले. जी वस्तू शरीरात नाही तिचा रोग कसा होईल? रिपोर्ट अदलाबदल झाला असेल काय? नातेवाईक म्हणतात, डॉक्टर पैशासाठी काहीही लिहितात. कोणी करणीचेही बोलते. आम्ही काय समजावे?"

करणीचे बोलणाऱ्यांना आमचा नेहमीचाच नमस्कार. बाकी प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. डॉक्टरांनाही तो कित्येक वर्षे पडला होता. रिपोर्ट अदलाबदल होत नाहीत असे आम्ही म्हणणार नाही, पण या रिपोर्टात लिहिले आहे तसे घडू शकते, आणि घडतेही. ते कसे, हे आम्ही आमच्या घरातच पाहिलेले आहे. म्हणून या आठवड्याचा मजकूर बाजूला ठेवून आज याच विषयावर लिहीत आहोत.

आमची एक आत्या मराठवाड्यात असे. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिने आयुष्य काढले. २००१ साली अंगावरून फार जाते म्हणून तिची पिशवी काढली. पुढे सतरा वर्षे काही तक्रार नाही. २०१८ च्या पावसाळ्यात तिला भूक लागेनाशी झाली. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटे. परकराची नाडी रोज थोडी सैल बांधावी लागे. हातपाय वाळत चालले आणि पोट मात्र वाढत चालले. गावात आधी गॅसची, मग जंताची औषधे झाली. शेवटी सोनोग्राफीत पोटात पाणी दिसले. सुईने पाणी काढून तपासले, त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. तेव्हा पोटाचा टीबी धरून औषधे सुरू झाली. चार महिने आत्याने त्या गोळ्या नेमाने घेतल्या. पाणी पुन्हा पुन्हा भरत राहिले.

त्या डॉक्टरांना आम्ही दोष देत बसत नाही. आपल्याकडे पोटाचा टीबी पुष्कळ आढळतो आणि तो हुबेहूब असाच दिसतो. त्यातही पोटात पाणी, वजन घटणे, बारीक ताप, पोटाच्या पडद्यावर गाठी हे सारे असते. एवढेच नव्हे तर सीए १२५ नावाची जी रक्ताची तपासणी ओव्हरीच्या कर्करोगासाठी करतात, तीसुद्धा टीबीत वाढते. तिची नेहमीची मर्यादा ३५ आहे. टीबीच्या रुग्णात ती शेकड्यात जाते, क्वचित हजारापुढेही. म्हणजे सीए १२५ वाढले म्हणून कर्करोग म्हणता येत नाही, आणि पाण्यात पेशी सापडल्या नाहीत म्हणून टीबीही म्हणता येत नाही. याच्या उलटही होते. कर्करोग म्हणून पोट उघडले आणि निघाला टीबी, असे कित्येक भगिनींच्या बाबतीत घडले आहे.

आत्याला नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी एका बाई डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोट तपासण्याआधी विचारले,

"आजी, पिशवी काढली तेव्हाचा कागद आहे का?"

"बाई, कागद कुठला आता? पिशवी काढली म्हंजी सगळंच काढलं की."

"सगळं म्हणजे काय काय, तेच तर मला पाहायचंय."

कागद सापडला. पत्र्याच्या पेटीत, जन्माच्या दाखल्याखाली घडी घालून ठेवलेला. त्यावर पिशवी आणि दोन्ही बाजूंच्या ओव्हऱ्या काढल्याची नोंद होती. नळ्यांविषयी एक अक्षर नव्हते, आणि काढलेला भाग तपासणीला पाठवल्याचा रिपोर्टही नव्हता. डॉक्टरबाई तो कागद बराच वेळ पाहत बसल्या. आम्हांला त्या वेळी ते उगीच वाटले. आज वाटत नाही.

इथे आपल्या भगिनींच्या एका सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. पिशवी काढली एवढे प्रत्येकीला ठाऊक असते. पण ओव्हरी ठेवली की काढली, एक की दोन, नळ्यांचे काय केले, हे दहा जणींना विचारा, सांगणारी क्वचित भेटेल. दोष त्यांचा नाही, त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या भगिनींच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ऐन तिशीत ज्यांच्या पिशव्या गेल्या, त्यांच्यापैकी कितींच्या पेटीत असा कागद असेल?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ओव्हरी नसताना ओव्हरीसारखा रोग कोठून येतो?

आपल्या पोटाच्या आत सर्व आतड्यांवरून, यकृतावरून आणि पोटाच्या भिंतीवरून एक पातळ, ओलसर पडदा पसरलेला असतो. त्याला पेरिटोनियम म्हणतात. आपण पोटाचे अस्तर म्हणू. गर्भात बाळ घडत असताना हे अस्तर, ओव्हरीवरचे आवरण आणि गर्भनळ्या हे सारे एकाच मूळ थरापासून तयार होते. एकाच कणकेचे गोळे म्हणा ना. म्हणून अस्तरात सुरू झालेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली ओव्हरीच्या कर्करोगासारखाच दिसू शकतो. १९५९ साली स्वर्डलो या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. गाठ ओव्हरीच्या कर्करोगासारखी, पण बसलेली ओटीपोटाच्या अस्तरावर. तेव्हापासून या रोगाची वेगळी ओळख सुरू झाली.

१९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आलेली माहिती याहून बोलकी आहे. ज्या कुटुंबांत ओव्हरीचा कर्करोग पुन्हा पुन्हा झाला होता, अशा १६ कुटुंबांतील २८ स्त्रियांनी रोग होण्याआधीच ओव्हऱ्या काढून घेतल्या होत्या. त्यातील तिघींना पुढे पोटभर पसरलेला कर्करोग झाला, आणि तो ओव्हरीच्या कर्करोगाहून वेगळा ओळखू येईना. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या आईसारखेच हे. म्हणजे ही गोष्ट वैद्यकात चाळीस वर्षांहून अधिक काळ नोंदलेली आहे.

पुढे आणखी एक उलगडा झाला. २००१ साली हॉलंडमधील संशोधकांनी घराण्यात रोगाचा धोका असलेल्या स्त्रियांच्या काढलेल्या गर्भनळ्या बारकाईने तपासल्या. नळीच्या आतल्या पेशींत त्यांना कर्करोगाकडे झुकणारे बदल दिसले. नंतर बोस्टनच्या पॅथॉलॉजिस्टांनी नळीचे झालरीसारखे टोक दोन-तीन मिलिमीटरच्या कापांनी पूर्ण तपासण्याची पद्धत बसवली आणि तिथे अगदी सुरुवातीचे, डोळ्यांना न दिसणारे कर्करोग सापडू लागले. आज बहुतेक तज्ज्ञांचे मत असे की, ज्याला आपण ओव्हरीचा कर्करोग म्हणत आलो, त्यातील सर्वांत नेहमीचा आणि जहाल प्रकार पुष्कळदा नळीच्या टोकाशी सुरू होतो. तिथून पेशी गळतात. काही ओव्हरीवर रुजतात, काही थेट अस्तरावर.

गाजरगवताचे उदाहरण घ्या. बांधावरचे गवत तुम्ही आज उपटून टाकले. पण त्याचे बी मागच्याच हंगामात वाऱ्याने शेतात पडले असेल तर? ते वर्षा-दोन वर्षांनी उगवेल आणि बांधावर तेव्हा काहीच दिसणार नाही. ओव्हरी काढताना नळी आतच राहिली असेल तर बांधही तसाच राहिला. म्हणून हल्ली ओव्हरी काढताना नळ्याही काढतात. त्यानेही धोका फार कमी होतो, शून्य होत नाही.

मग नाव कोणते द्यायचे, ओव्हरी, नळी की अस्तर? १९९३ साली अमेरिकेतील गायनॅकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रुपने यासाठी कसोट्या ठरवल्या होत्या. ओव्हऱ्या नेहमीच्या आकाराच्या असाव्यात किंवा साध्या कारणाने वाढलेल्या असाव्यात. रोग ओव्हरीवर कमी आणि बाहेर जास्त असावा. ओव्हरीच्या आत शिरलाच असेल तर तो पाच मिलिमीटर लांबी-रुंदीच्या आत असावा. आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो सीरस प्रकारचा दिसावा. या सर्व अटी पुऱ्या झाल्या तर रोग अस्तराचा. आता नळीचे महत्त्व कळल्यावर नियम अधिक कडक झाला आहे. नळ्या आणि ओव्हऱ्या पूर्ण कापून तपासल्या, त्यांत कुठेही रोगाचे मूळ सापडले नाही, तरच अस्तर म्हणायचे. त्यामुळे अस्तराचा म्हणून नोंदला जाणारा रोग पूर्वीपेक्षा दुर्मिळ झाला. उपचाराच्या दृष्टीने तिघांत फारसा फरक नाही, म्हणून फिगो या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१४ पासून तिघांच्या पायऱ्या एकाच तक्त्यात मोजायला सुरुवात केली. आत्याच्या कागदावर नळ्यांची नोंद का शोधली जात होती, हे आता ध्यानात येईल.

आत्याचे पुढे काय झाले ते सांगतो. पहिल्यांदा पोटातल्या पाण्याची आणि त्याच दिवशी रक्ताची अल्ब्युमिन तपासणी केली. दोन्हींतला फरक १.१ किंवा त्याहून जास्त असेल तर पाणी बहुधा यकृताच्या किंवा हृदयाच्या दोषाने भरलेले असते. तिचा फरक कमी आला. म्हणजे दोष अस्तराकडे होता, पण टीबी की कर्करोग हे त्याने कळत नाही. एडीए नावाची तपासणी टीबीकडे बोट दाखवते. साधारण ३९ च्या वर गेली तर टीबीचा संशय बळावतो. आत्याची खाली होती. सीए १२५ नऊशेच्या घरात, तर आतड्याच्या कर्करोगात वाढणारे सीईए अगदी साधे होते. सीए १२५ हे सीईएच्या पंचवीस पटींहून जास्त असले तर रोग ओव्हरीच्या घराण्यातला असण्याकडे कल जातो. कमी असले तर जठर आणि मोठे आतडे दुर्बिणीतून पाहावेच लागते, कारण तिथला कर्करोगही पोटभर पसरतो.

सिटी स्कॅनमध्ये ओव्हरीच्या जागी काही नव्हते. पण आतड्यांवरून पदरासारखा लोंबणारा जो चरबीचा पडदा असतो, तो जाड होऊन चटईसारखा झाला होता. ज्यांच्या ओव्हऱ्या जागेवर असतात त्यांच्या बाबतीत घोळ वेगळाच होतो. सोनोग्राफीत ओव्हरी नॉर्मल असे छापून येते आणि घरचे निर्धास्त होतात. या रोगात ओव्हरी नॉर्मलच दिसायची. पोटात पाणी कशाने झाले हा प्रश्न त्या एका शब्दाने सुटत नाही.

मग सोनोग्राफीत पाहत सुईने त्या चटईचा तुकडा घेतला. अशा वेळी तुकडा हाच निर्णायक पुरावा. सुईने जमले नाही तर दुर्बिणीतून घेतात. पाण्यात पेशी दिसल्या नाहीत यावर थांबून चालत नाही. पाणी पुरेसे आणि ताजे पाठवले, त्यातला गाळ मेणात बसवून तपासला तर कधी कधी त्यातूनही निदान होते. टीबीचा संशय असेल तर त्याच तुकड्याचा एक भाग टीबीच्या तपासणीलाही जातो. तुकडा न घेता महिनोन्महिने अंदाजाने औषधे चालू ठेवणे आम्हांला पटत नाही. सहा आठवडे, दोन महिने झाले आणि पाणी हटत नाही, वजन भरत नाही, तर त्याच डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे की, तुकडा कधी घ्यायचा?

तुकडा आला की त्याची पातळ कापे काचपट्टीवर घेऊन रंगवतात. त्यानंतर वेगवेगळे रंग-प्रतिरंग वापरून पेशींचे कूळ शोधतात. याला इम्युनो म्हणतात. आत्याच्या रिपोर्टात पॅक्स-८ आणि डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह होते, पी-५३ बिघडलेले होते. सीके-७ होते, सीके-२० नव्हते, सीडीएक्स-२ नव्हते, म्हणजे आतड्याकडची शक्यता मागे पडली. जीएटीए-३ नव्हते, म्हणजे स्तनाकडचीही. कॅलरेटिनिन नव्हते, ते असते तर अस्तराचा मेसोथेलिओमा हा निराळा कर्करोग धरावा लागला असता. अशी एकेक दारे बंद करीत पॅथॉलॉजिस्ट पुढे जातो. मात्र एक गोष्ट हे रंग सांगू शकत नाहीत. पेशी कोणत्या कुळातल्या ते कळते, त्या कोणत्या घरातून निघाल्या ते कळत नाही. ओव्हरी, नळी आणि अस्तर या तिघांचे रंग सारखेच. म्हणून रिपोर्टात "ओव्हरीसारखा" किंवा "म्युलेरियन" असे शब्द येतात. वाचक भगिनीच्या आईच्या रिपोर्टाचा अर्थ बहुधा हाच आहे. तो ओव्हरी शरीरात आहे असे म्हणत नाही, पेशींचे कूळ सांगतो.

याच कुळाबाहेरचा एक फार विरळ प्रकार जाता जाता सांगतो, कारण त्यातही जुन्या कागदाचेच काम पडते. ग्रॅन्युलोसा नावाची ओव्हरीची गाठ असते. ती क्वचित ओव्हरीबाहेर, आतड्यांच्या मागे किंवा पिशवीच्या बाजूच्या पडद्यात सापडते. इनहिबिन या तपासणीने ती ओळखता येते. २००९ साली कॅनडातील संशोधकांनी मोठ्या वयातल्या अशा गाठींत एफओएक्सएल-२ या जनुकातला एक ठरावीक बदल दाखवला, त्याचाही उपयोग होतो. पण ही गाठ मूळचीच बाहेर जन्मली असे म्हणण्याआधी, पूर्वी काढलेल्या ओव्हरीत ती नव्हती ना, हे पाहावे लागते. कारण ती दहा-वीस वर्षांनीही परत उगवते. जुन्या काचपट्ट्या नसतील तर पॅथॉलॉजिस्टचे हात बांधले जातात.

आत्याच्या अंतिम रिपोर्टावर "अस्तराचा असण्याची शक्यता अधिक" असे आले. नळ्यांचा पत्ता लागला नाही, म्हणून त्यापुढे कोणी गेले नाही. आम्हांला हा सावधपणा आवडला. टीबीची औषधे थांबली. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलचे तीन डोस झाले, पोट उतरले, मग मोठे ऑपरेशन आणि पुन्हा तीन डोस. केस गेले तेव्हा ती रडली, पण जेवण जाऊ लागले म्हणून हसलीही. निदान झाले तेव्हा रोग तिसऱ्या पायरीवर होता. या रोगाचे बहुतेक रुग्ण त्याच पायरीवर सापडतात, कारण सुरुवातीला काही दुखतच नाही. आत्या त्यानंतर साडेतीन वर्षे जगली. त्यातली पहिली दोन वर्षे ती अगदी घरचे सगळे करीत होती. वाया गेलेले चार महिने हाती असते तर आणखी किती जगली असती, हा हिशेब आमच्या घरात अधूनमधून निघतो आणि कोणी तो पुरा करीत नाही.

पत्रात शेवटी एक प्रश्न अगदी बारीक अक्षरांत आहे: "हे मलाही होईल काय?" उत्तर असे. या प्रकारच्या रोगात साधारण पाच-सहा जणींमागे एकीत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांतला जन्मजात दोष असतो. तो आईच्या रक्तावरून कळतो. आधी तपासणी आईची करायची, लेकीची नंतर. आईत दोष सापडला तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलगेही त्यात आले. तो आईकडूनच येतो असे नाही, बापाकडूनही येतो. दोष सापडलेल्या रुग्णांना ओलापॅरिब यांसारख्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो, म्हणून ही तपासणी आईच्या उपचारासाठीही हवी. लेकीचे लग्न जुळणार नाही या भीतीने ती टाळणारी घरे आम्ही पाहिली आहेत. आमच्या मते रोग लपवून जुळवलेल्या सोयरिकीपेक्षा ही तपासणी कितीतरी बरी.

रिपोर्टाविषयी शंका असेल तर भांडत बसू नये. रुग्णालयाकडून काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्यावा आणि कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्यावा. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, तिथे बाहेरच्या काचपट्ट्या पाहतात. ठोकळा मात्र जपून न्यावा, उन्हात ठेवला तर मेण वितळते. सोबत जुन्या ऑपरेशनचा कागद, सिटी स्कॅनची सीडी आणि रक्ताचे सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून घ्यावेत. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांच्याकडे जावे आणि नंतरच पैसे भरावेत.

वाचक भगिनीने पुढचे पत्र लिहिताना रिपोर्टांच्या झेरॉक्स आम्हांला पाठवू नयेत. डॉक्टरांच्या जागी आम्ही नाही. बारा वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा कागद सापडला का, त्यावर नळ्यांबद्दल काय लिहिले आहे, आणि आईला दोन घास जाऊ लागले का, एवढे मात्र जरूर कळवावे.